एका हॉटेलभेटीचा धडा
(हॉटेल व्यवस्थापन, द्वितीय वर्ष)

हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम मी निवडला तेव्हा आमच्या घरी दोन दिवस अबोला होता. "एवढं शिकून शेवटी दुसऱ्यांची उष्टी ताटंच उचलायची का रे?" हा वडिलांचा प्रश्न. मी त्यांना सेझार रिट्झचे उदाहरण दिले. १८५० साली स्वित्झर्लंडमधील एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा वेटर म्हणून कामाला लागला आणि १८९८ साली पॅरिसमध्ये त्याच्या नावाचे हॉटेल उघडले. वडील म्हणाले, "तो रिट्झ झाला. बाकीच्या वेटरांचं काय झालं ते सांग." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. गेल्या जानेवारीत आमच्या वर्गाची औद्योगिक भेट गोव्यातील एका हॉटेलला गेली. तेथे त्या उत्तराचा थोडासा भाग हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवतो.

पहाटे पाचला आमची बस बेळगावहून सुटली. जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरलो आणि साखळीमार्गे साडेनऊच्या सुमारास हॉटेलवर पोहोचलो. आमचे दोन गट करण्यात आले. माझ्या गटाकडे प्रथम हाउसकीपिंग आले.

खोली आवरण्यात शिकण्यासारखे काय असणार, असे आम्हांला वाटत होते. तेथील पर्यवेक्षक बाईंनी तो भ्रम पाच मिनिटांत घालवला. दारावर टकटक करून आपण कोण ते सांगायचे, थांबायचे, उत्तर नसेल तर पुन्हा तसेच करायचे आणि मगच दार उघडायचे. आधी पडदे सारून उजेड घ्यायचा, कचरा आणि वापरलेल्या चादरी बाहेर काढायच्या, मग पलंग, मग न्हाणीघर, मग धूळ पुसणे आणि जमीन सर्वांत शेवटी. कारण वरची धूळ खालीच बसते. प्रत्येक पलंगामागे चादरींचे निदान तीन संच लागतात : एक अंथरलेला, एक धुलाईत आणि एक कपाटात. त्या हॉटेलात एका माणसाकडे एका पाळीत १४ खोल्या असतात. आठ तासांचा हिशेब केला तर एका खोलीला जेमतेम अर्धा तास मिळतो. त्यातही पाहुण्याचा चष्मा किंवा उघडे ठेवलेले पुस्तक जेथल्या तेथेच राहिले पाहिजे.

त्यानंतर आम्ही स्वागतकक्षात आलो. पाहुण्याशी हॉटेलचा संबंध चार टप्प्यांत असतो, हे आम्ही वर्गात पाठ केले होते : येण्यापूर्वी, आल्यावर, मुक्कामात आणि निघताना. त्यांपैकी दुसऱ्या टप्प्याचा अनुभव मला तेथे असा आला की तो जन्मभर विसरणार नाही.

सुमारे साडेदहा वाजता धारवाडकडचे एक वृद्ध जोडपे आत आले. मुलाने त्यांच्यासाठी खोली राखून ठेवली होती. स्वागतकक्षातील सहायक फोनवर बोलत होते. आपली हुशारी दाखवावी म्हणून मी पुढे झालो आणि पाठ केलेल्या इंग्रजीत सांगून टाकले की, खोली दोन वाजता मिळेल, आता तयार नाही. आजोबांना भाषा समजली नसावी, पण 'नाही' एवढे नक्की समजले. त्यांनी काही न बोलता पिशवी उचलली, आजींकडे पाहिले आणि दोघे दाराकडे वळले.

माझा वर्गमित्र, जो या अंकाच्या कन्नड विभागात लिहितो, धावत पुढे गेला. "बर्री, कुंदर्री," म्हणून त्याने दोघांना कोचावर बसवले. सहायकांनी फोन ठेवला, पाणी मागवले, सामान ठेवून घेतले आणि हाउसकीपिंगला विचारले. सकाळीच रिकामी होऊन तपासून झालेली एक खोली होती, पण दुसऱ्या मजल्यावर. मित्राने बोलता बोलता जाणून घेतले होते की आजींना जिना जमत नाही, लिफ्टची भीती वाटते आणि आजोबांना साखर वर्ज्य आहे. तेव्हा तळमजल्यावरील खोली आधी आवरून घेण्यास सांगण्यात आले. साडेअकराला ते खोलीत गेले. साखरेची गोष्ट एका चिठ्ठीवर लिहून स्वयंपाकघराकडे गेली. दुपारी जेवणानंतर वेटरने आजोबांपुढे बिनसाखरेची कॉफी न सांगता ठेवली, तेव्हा ते त्याच्याकडे पाहतच राहिले.

नंतर सहायक मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही सांगितलेलं चुकीचं नव्हतं. पण काय होणार नाही हे सांगण्याआधी काय होऊ शकतं ते सांगावं." रागावले असते तर मला कमी लागले असते.

भेटीतून मी तीन गोष्टी शिकलो. पहिली, नियम कामाच्या सोयीसाठी असतो. तो पाहुण्याला दाखवायचा दरवाजा नव्हे. दुसरी, सेवा ही एकट्या माणसाची कला नाही. स्वागतकक्ष, हाउसकीपिंग, स्वयंपाकघर आणि वेटर यांच्यात ती चिठ्ठी फिरली नसती तर कॉफी गोडच आली असती. पाळी बदलताना नोंदवहीत लिहून ठेवण्याचा आग्रह याचसाठी. तिसरी, आपण सीमाभागातले विद्यार्थी दोन भाषांच्या मध्ये वाढतो आणि पुष्कळदा त्याचे ओझे मानतो. त्या दिवशी इंग्रजीने दार लावले आणि कन्नडने उघडले. मला कन्नड समजते. बोलण्याची लाज वाटत होती, एवढेच.

घरी आलो तेव्हा मामा आले होते. "कसं काय येणं केलंत?" असे विचारण्याआधी आईने त्यांच्यापुढे गूळ आणि पाण्याचा तांब्या ठेवला. हे मी शेकडो वेळा पाहिले होते. पाहुण्याला आधी बसवावे, मग विचारावे, हा दुसऱ्या टप्प्याचा नियम आई कोणत्याही पुस्तकाविना पाळत होती.

रात्री वडिलांना सगळी हकीकत सांगितली, माझ्या चुकीसह. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारले, "म्हातारं माघारी गेलं नाही ना?"

"नाही."

"मग त्या कॉफी देणाऱ्या पोराचं नाव विचारलंस का?"

विचारले नव्हते. पुढच्या भेटीत ते आधी विचारीन.