दुखण्याच्या गोळ्या : घेण्याआधी काय विचारावे?



फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या माळव्यातील मंदसौर-नीमचकडे गेले, की परवान्याच्या शेतांत अफूच्या डोड्यांना चिरा पाडण्याचे काम चालू दिसते. दुपारी चीर पाडावयाची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चीक खरवडून घ्यावयाचा. तो सर्व सरकारी वजनकाट्यावर जमा करावा लागतो. या चिकातूनच मॉर्फिन व कोडीन ही औषधे निघतात. ट्रॅमॅडॉलची गोळी मात्र कारखान्यात रसायनांपासून बनते. तरीही मेंदूवर तिचे काम बरेचसे त्याच वाटेने चालते. अफू म्हटले की आपण सावध होतो, पण गोळी पांढऱ्या पाकिटातून आली की काहीच विचारीत नाही.

आमच्या ओळखीच्या एका काकांचा हात मळणीयंत्रात सापडला. शस्त्रक्रिया झाली, दहा दिवसांच्या गोळ्या लिहून मिळाल्या. दुखणे राहिले म्हणून काकांनी त्याच चिठ्ठीवर दोन महिने गोळ्या आणल्या. मग एके दिवशी एकदम बंद केल्या. दुसऱ्याच दिवशी घाम, वाहते नाक, पोटात मुरडा, अंगदुखी, रात्रभर झोप नाही. घरच्यांना हिवताप वाटला. काकांनी मात्र मनात धरले की आपण व्यसनी झालो, आणि लाजेने कोणाशी बोलेनात. शेवटी डॉक्टरांनी समजावले, की रोज घेतलेल्या अशा औषधाची शरीराला सवय लागते. ती सवय म्हणजे व्यसन नव्हे, परंतु दुर्लक्ष केल्यास व्यसनाची वाट तेथूनही जाते. हळूहळू मात्रा उतरवीत काही आठवड्यांत गोळ्या सुटल्या. हेच चार शब्द पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते तर?

ते सांगणे ही मेहेरबानी नव्हे. उपचाराला संमती घेण्यापूर्वी त्याचे स्वरूप, फायदे, धोके आणि दुसरे पर्याय रोग्याला सांगितले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात म्हटले आहे. अमेरिकेत अशा गोळ्यांनी घरेच्या घरे उद्ध्वस्त केल्यावर न्यू जर्सी राज्याने २०१७ साली कायदाच केला : आधी व्यसनाचा धोका व इतर उपाय समजावा, मगच चिठ्ठी लिहा, आणि ताज्या दुखण्याला पहिली चिठ्ठी पाच दिवसांहून अधिक नको. आपल्याकडे २०१८ पासून ट्रॅमॅडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. चिठ्ठीवाचून ते मागू नये, आणि कोणी देत असल्यास घेऊ नये.

तेव्हा दवाखान्यात सरळ विचारावे, “डॉक्टरसाहेब, ही गोळी अफूच्या जातीची आहे का? किती दिवस घ्यावयाची आणि बंद कशी करावयाची? साध्या गोळीने भागणार नाही का?” आपणही लपवू नये. दारू पीत असाल, झोपेची गोळी घेत असाल, रात्री घोरताना श्वास अडकत असेल, तर ते आधी सांगा. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर या औषधाने श्वास मंदावून झोपेतच माणूस दगावू शकतो. फेफरे येत असतील तर ट्रॅमॅडॉलने ते बळावू शकते. अंगावर पाजणाऱ्या आईनेही तसे सांगितलेच पाहिजे. गुंगी असेतोवर ट्रॅक्टर, कडबाकुट्टी आणि विहिरीचा काठ यांपासून दूर राहावे. उरलेल्या गोळ्या कोनाड्यात ठेवू नयेत. शेजाऱ्याच्या कंबरदुखीला तर मुळीच देऊ नयेत; मुलांच्या हाती लागल्या तर एकच गोळी पुरे होते.

हे वाचून कोणी कर्करोगाच्या रोग्याचे मॉर्फिन बंद करील, अशी आम्हांला धास्ती वाटते. तसे करू नका. असह्य वेदनेत मॉर्फिन हे उत्तम औषध आहे, आणि ते रुग्णालयांना मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली कायदाही बदलला. वेदना सोसणे हेच पुण्य, असे समजून काही कुटुंबे ते नाकारतात. पण पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना अशा औषधांनी वेदना शमविणे योग्य ठरविले होते. मात्र तेथेही रोग्याला अंधारात ठेवू नये. मळमळ व झोपाळूपणा बहुधा काही दिवसांत ओसरतो, बद्धकोष्ठ मात्र राहतो. म्हणून मॉर्फिन सुरू होईल त्याच दिवशी पोट साफ होण्याचे औषधही लिहून मागावे.