उल्कापाषाणांचा संग्रह, ओळख व वर्गीकरण

शाळेत निसर्गवस्तूंचा कोपरा असला म्हणजे केव्हा ना केव्हा एखादा विद्यार्थी काळाकभिन्न, जड दगड आणून शिक्षकांच्या मेजावर ठेवतो व तो आकाशातून पडलेला आहे काय, असे विचारतो. या प्रश्नाचे उत्तर शंभरांत नव्याण्णव वेळा 'नाही' असेच असते. परंतु ते 'नाही' केवळ शिक्षकांच्या शब्दावर विसंबून विद्यार्थ्याने स्वीकारू नये. ते त्याने स्वतः तपासून काढावे. उल्कापाषाणांच्या छंदाचे शैक्षणिक मोल यातच आहे.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर करावा. रात्री आकाशात क्षणभर चमकून जाणाऱ्या प्रकाशरेषेस आपण उल्का म्हणतो. त्यांतील बहुतेक कण वातावरणातच जळून नष्ट होतात. जो भाग न जळता भूमीपर्यंत पोहोचतो, तो उल्कापाषाण किंवा अशनी होय.

आकाशातून दगड पडतात ही गोष्ट युरोपातील पंडितांना अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत पटलेली नव्हती. असे सांगणाऱ्या शेतकऱ्यांना ते अडाणी समजत. क्लाड्नी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १७९४ मध्ये ग्रामस्थांच्या साक्षी खऱ्या मानून पुस्तक लिहिले, तेव्हा त्याचीही चेष्टा झाली. पुढे २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल या गावाच्या परिसरात भर दुपारी सुमारे तीन हजार दगडांचा वर्षाव झाला. चौकशीसाठी बियो हा तरुण शास्त्रज्ञ तेथे गेला. त्याने दगड तर गोळा केलेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो गावोगाव हिंडला, निरनिराळ्या व्यवसायांच्या लोकांना स्वतंत्रपणे विचारत गेला आणि कोणत्या गावी काय ऐकू आले व कोठे दगड सापडले हे त्याने नकाशावर मांडले. दगड लांबट वर्तुळाकार पट्ट्यात पडले असल्याचे त्यावरून दिसून आले. त्या अहवालानंतर विद्वानांचा विरोध मावळला. खेड्यातील माणसांनी पाहिलेले व कोणीतरी नीट टिपून ठेवलेले, एवढ्याच बळावर एक नवे शास्त्र उभे राहिले.

आपल्याकडचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २२ मे २०१२ रोजी दुपारी मोठे आवाज होऊन दगड पडले. अशा वेळी गावात दोन गोष्टी घडतात. दगड फोडून त्याचे तुकडे वाटून घेतले जातात, किंवा त्यास शेंदूर लावून पूजा सुरू होते. श्रद्धेचा अधिक्षेप करण्याचे कारण नाही. मात्र शेंदूर, तेल व पाणी यांमुळे दगडाची परीक्षा बिघडते, हे शिक्षकाने गावकऱ्यांस नम्रपणे सांगावे. दगड जागेवर असतानाच त्याचे छायाचित्र घ्यावे. खळगा पडला असल्यास त्याची रुंदी व खोली मोजावी. तारीख, वेळ, आवाज किती झाले, प्रकाश कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेस गेला, दगड प्रथम कोणी पाहिला, हे त्याच दिवशी वहीत लिहून काढावे, कारण चार दिवसांनी प्रत्येक जण दुसऱ्याचे ऐकलेले स्वतःचे म्हणून सांगू लागतो. दगड उघड्या हाताने न धरता स्वच्छ कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावा. तो लालबुंद पडतो व गवत पेटवतो, ही समजूत खरी नाही. कवच क्षणभर वितळले तरी आतील भाग अवकाशाइतका थंड असतो, म्हणून नुकताच पडलेला दगड पुष्कळदा कोमट किंवा थंडच लागतो.

पडताना कोणीच न पाहिलेल्या दगडाची ओळख पटवणे मात्र कठीण आहे, आणि आपल्या प्रदेशात तर विशेषच. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्टचा आहे. म्हणून पुस्तकातील 'काळा, जड व चुंबकास चिकटणारा' एवढ्या लक्षणांवर विसंबू नये. बेसाल्टमध्येही चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण असतात व दोऱ्याने टांगलेले लोहचुंबक त्याकडे थोडेसे ओढले जाते. जुन्या भट्ट्यांतील लोहकीट तर जड, काळे आणि वितळल्यासारखे दिसते. त्याने भल्याभल्यांना चकवले आहे. चुंबकाविषयी आणखी एक सूचना. बाजारात मिळणारे अतिशय जोरदार चुंबक दगडास घासू नये. उल्कापाषाणात कोट्यवधी वर्षांपूर्वीचे चुंबकत्व टिकून असते, ते त्यामुळे पुसले जाते.

खरी पारख कवचावरून होते. उल्कापाषाणावर वितळून थिजलेली काळी किंवा तपकिरी साल असते. तिची जाडी सामान्यतः एक मिलिमीटरहूनही कमी असते. कोपरा उडालेला असल्यास आतील भाग फिकट राखाडी दिसतो व त्यात धातूचे चकचकीत ठिपके आढळतात. पृष्ठभागावर ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असू शकतात. याउलट दगडाच्या अंगात बुडबुड्यांची छिद्रे किंवा त्यांत पांढरे स्फटिक असतील तर तो आपल्या डोंगरातलाच समजावा. फरशीच्या खडबडीत मागील बाजूवर दगड घासून पाहावा. तांबडी रेघ उमटल्यास ते लोहखनिज होय. उल्कापाषाणाची रेघ सहसा उमटत नाही.

वरच्या वर्गातील मुलांकडून घनता काढून घ्यावी. दगड ताणकाट्यास टांगून हवेत ३०० ग्रॅम व पाण्यात बुडवून २०० ग्रॅम भरला, तर घट १०० ग्रॅम; म्हणून सापेक्ष घनता ३. हा बेसाल्टचा आकडा आहे. सामान्य पाषाणी अशनी ३.२ ते ३.५ च्या आसपास व लोहमय अशनी ७ च्या वर भरतो. उत्तर ४ ते ५ आल्यास बहुधा लोहखनिज हाती आहे. नुकत्याच पडलेल्या दगडावर मात्र हा प्रयोग कदापि करू नये.

वर्गीकरणात पाषाणी, लोहमय व मिश्र असे तीन मुख्य वर्ग आहेत. पडताना पाहिलेल्या अशनींपैकी शेकडा ९४ च्या सुमारास पाषाणी असतात. त्यांतील बहुतेकांत वाटाण्याहून लहान, गोल कण दिसतात. त्यांना कॉन्ड्रूल व अशा दगडांना कॉन्ड्राइट म्हणतात. त्यांचे वय सुमारे ४५६ कोटी वर्षे आहे; आपला दख्खनचा काळा पत्थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. लोहाच्या प्रमाणावरून त्यांचे एच, एल व एलएल असे गट पाडतात आणि पुढील अंकाने दगड मूळ ग्रहगोलात किती तापला होता ते दर्शवतात. काटोलचा अशनी एल ६ आहे, म्हणजे त्यातील गोल कण उष्णतेने पुसट झाले आहेत. गुजरातेत धजाला येथे २८ जानेवारी १९७६ च्या रात्री पडलेला एच ३.८ असून त्यात ते चांगले दिसतात. लोहमय अशनी घासून त्यावर सौम्य आम्ल लावले असता एकमेकींस छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी उमटते. ती लक्षावधी वर्षांच्या मंद थंड होण्याने बनते; कोणत्याही लोहारास ती भट्टीत साधणार नाही.

अशनीस जवळच्या गावाचे नाव देण्याची प्रथा आहे. बिहारमधील शेरघाटी येथे १८६५ मध्ये पडलेला दगड मंगळावरून आलेला ठरला, आणि त्या जातीच्या सर्व दगडांना जगभर आज त्याच गावावरून 'शेरगोटाइट' म्हणतात.

पुष्कळ शाळांच्या सहली लोणारला जातात. बेसाल्टमध्ये आघाताने झालेले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर मुलांस जरूर दाखवावे. परंतु तेथे उल्कापाषाण वेचावयास लावू नयेत. आदळलेला गोल त्या आघातातच जवळजवळ नष्ट झाला. शिवाय ते संरक्षित स्थळ आहे. तेथून दगड उचलणे योग्य नाही.

खरा अशनी हाती आल्यास तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणास कळवावे. देशातील अशनींचा मोठा संग्रह त्या संस्थेने कलकत्त्यास जतन केला आहे. शाळेने छायाचित्रे, नकाशा व नोंदवही आपल्याकडे ठेवावी.

मग शाळेच्या संग्रहात ठेवावे काय? 'अशनी नव्हे' असे ठरलेले दगडच ठेवावेत. बेसाल्ट, लोहकीट, जांभा, लोहखनिज हे शेजारी शेजारी मांडून प्रत्येकास चिठ्ठी लावावी व कोणत्या लक्षणावरून तो बाद झाला ते तिच्यावर लिहावे. ज्यांस अधिक हौस असेल त्यांनी पक्क्या गच्चीच्या पन्हळीतील गाळ धुऊन, वाळवून, चुंबकाने वेचून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. नॉर्वेतील लार्सन या हौशी संग्राहकाच्या चिकाटीमुळे शहरांतील छपरांवरच्या ३०० किलोग्रॅम गाळातून सुमारे ५०० वैश्विक कण निघाले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान व बहुधा गोल असतात. वेल्डिंगच्या ठिणग्यांचे गोळेही तसेच दिसतात. म्हणून जवळपास वेल्डिंगचे दुकान असल्यास दुसरी गच्ची निवडावी.