छापील चित्रांची पूर्वतयारी

पुसेगांवासारख्या गांवींही आतां वार्षिकाचीं पानें संगणकावर जुळवितां येतात. मजकूर सहज बसतो. परंतु चित्रें पुष्कळदां दगा देतात. पडद्यावर स्वच्छ दिसणारें चित्र कागदावर धूसर कां उमटतें, याचा येथें विचार करूं.

संगणकांतील छायाचित्र म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी होय. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. १९५७ सालीं अमेरिकेंत रसेल कर्श यांनीं आपल्या तान्ह्या मुलाचें छायाचित्र संगणकांत उतरविलें, तेव्हां त्यांत उभे व आडवे १७६ ठिपके होते. आज मोबाइलच्या छायाचित्रांत ते लक्षावधि असतात. परंतु छपाईंत एका इंचास किती ठिपके येतात, हें महत्त्वाचें. चांगल्या छपाईस इंचास सुमारें ३०० ठिपके असावेत, असा सामान्य नियम आहे. १२०० ठिपके रुंदीचें चित्र ४ इंचांत छापल्यास उत्तम. तेंच ८ इंच पसरल्यास इंचास १५० ठिपके उरतात व चेहरे पुसट होतात. संगणकाकडून मधले ठिपके भरून घेतले, तरी तो शेजाऱ्यांवरून केवळ अदमास बांधतो.

दुसरी गोष्ट छायेची. कृष्णधवल चित्रांत ठिपक्यास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत साधारणतः २५६ पायऱ्यांपैकीं एक मिळते. औंढा नागनाथाच्या कोरीव भिंतीचें भर उन्हांतील चित्र घ्या. त्यांतील छाया किंचित् उजळल्यास मूर्तींचे अवयव दिसूं लागतात. पण जेथें सर्व ठिपके निखळ काळे झाले, तेथें उजळण्यास कांहींच उरत नाहीं.

तिसरी गोष्ट रंगांची. पडदा तांबडा, हिरवा व निळा प्रकाश मिसळतो. छापखाना निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शाया एकीवर एक देतो. म्हणून पडद्यावरील कांहीं झगझगीत रंग कागदावर फिके पडतात. १८९४ सालीं मुंबईस निघालेल्या रविवर्मा छापखान्यांत रंगागणिक निराळा दगड असे. आज शाईगणिक निराळा पत्रा असतो. तत्त्व एकच: छापण्यापूर्वीं रंग विलग करावे लागतात.

चौथी गोष्ट जतनाची. जेपेग पद्धतींत चित्र बदलून पुनःपुन्हां सांठविलें कीं प्रत्येक वेळीं कांहीं तपशील गळतो. म्हणून मूळ चित्र तसेंच राखावें आणि प्रतीवर काम करावें. मोबाइलवरून निरोपासोबत आलेलें चित्र बहुधा आधींच लहान केलेलें असतें. तेव्हां मूळच मागून घ्यावें.

शेवटीं एक विवेक. कड कापणें, तिरपें चित्र सरळ करणें, अंधुक मुख उजळणें ही चित्राची सेवा होय. परंतु वर्गाच्या चित्रांतून एखाद्यास पुसून टाकणें, अथवा गैरहजर असलेल्यास आणून बसविणें, हें असत्य होय. वार्षिक हें शाळेचें दप्तर आहे. पन्नास वर्षांनीं एखादें नातवंड त्यांत आपल्या आजोबांना शोधील. ते त्या दिवशीं जेथें उभे होते, तेथेंच त्यास सांपडले पाहिजेत.