ट्रॅक्टरची थरथर : कारण कसे शोधावे?

सांगली जिल्ह्याचा कवठे महांकाळ तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडतो. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेद्वारे कृष्णेचे पाणी या भागात आले आणि येथील द्राक्षबागांना आधार लाभला. बागेबरोबर लहान ट्रॅक्टर आला आणि त्याच्यामागे औषध फवारणारा ब्लोअरही आला. ऑक्टोबर छाटणीनंतर घड बाहेर पडण्याच्या सुमारास अवेळी पाऊस झाला की केवडा रोगाचे भय उभे राहते. अशा वेळी फवारणी एक दिवस लांबणेही परवडत नाही. नेमक्या त्याच पहाटे इंजिनाचा वेग वाढविताच ट्रॅक्टर थरथरू लागला, तर बागाईतदाराने काय करावे?

बहुतेक ठिकाणी प्रथम सुटे भाग बदलले जातात. आज बेअरिंग, उद्या क्लच, परवा आणखी काही. खर्च वाढतो, थरथर मात्र तशीच राहते. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीत १९१० साली यंत्रांचा कारखाना उभा राहिला. विहिरीवरील ऑइल इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारी माणसे या मुलखात पूर्वीपासून आहेत. त्यांची रीत साधी होती. आधी ऐकावे, मग पाना हाती घ्यावा.

थरथर म्हणजे काय, हे आधी पाहू. फिरणाऱ्या भागाचे वजन आसाभोवती सारखे विभागलेले नसेल, तर जड बाजू प्रत्येक फेऱ्यात आसाला आपल्याकडे ओढते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. समजा, ब्लोअरच्या पंख्याच्या एका पात्यावर, मध्यापासून ३० सेंटीमीटर अंतरावर, बोर्डो मिश्रणाचा २० ग्रॅमचा थर साचला आहे. पंखा मिनिटाला १,००० फेरे घेत असता ही ओढ सुमारे ७ किलोग्रॅम वजनाइतकी असते, तर २,००० फेऱ्यांना ती जवळजवळ २७ किलोग्रॅमवर जाते. संथ वेगात न जाणवणारा दोष वेग वाढताच अंगावर येतो, तो यामुळेच. विज्ञानाच्या शिक्षकांना वर्गात सांगण्यासाठी हे उदाहरण उपयोगी पडावे.

निदानाची गुरुकिल्ली एका प्रश्नात आहे : थरथर कोणाच्या फेऱ्यांबरोबर वाढते? इंजिनाच्या, पीटीओ शाफ्टच्या, पंख्याच्या की चाकांच्या? त्यासाठी एकेक भाग वेगळा पाडावा लागतो. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हँडब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, पीटीओ बंद करावा आणि इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. थरथर याही स्थितीत असेल, तर दोष इंजिनाकडे आहे. संथ वेगातच धक्के बसत असतील, तर एखादा सिलिंडर नीट पेट घेत नसावा. डिझेलमध्ये हवा शिरली आहे काय, इंजेक्टर ठीक आहे काय, हे पाहावे. वेगाबरोबर कंप वाढत असेल, तर पुली आणि पंखा तपासावा. क्लच दाबताच कंपात फरक पडला, तर क्लचकडे वळावे. मोटारीचे इंजिन रबरावर बसविलेले असते. बहुतेक ट्रॅक्टरांत मात्र इंजिन व गिअरपेटी बोल्टने एकसंध जोडलेली असल्याने थोडा कंप बैठकीपर्यंत येणारच. ठरावीक वेगालाच पत्रा खडखडत असेल आणि वेग पुढे गेल्यावर शांत होत असेल, तर तो अनुनादाचा प्रकार होय. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेल्या हलक्या धक्क्यांनीही तो उंच जातो, तसेच हे आहे.

उभ्या ट्रॅक्टरला कंप नसेल आणि चालताना येत असेल, तर तोच इंजिन-वेग दोन निरनिराळ्या गिअरमध्ये ठेवून पाहावा. गिअर बदलताच थरथर बदलली, तर चाके तपासावीत.

पीटीओ जोडल्यावरच कंप येत असेल, तर ब्लोअरच्या गिअरपेटीतील पंखा न्यूट्रलमध्ये टाकावा. पंखा थांबताच कंप गेला, तर पाती धुवावीत. न गेल्यास शाफ्टकडे पाहावे. कोनात फिरणारा युनिव्हर्सल जॉइंट एकसारखा वेग पुढे देत नाही. तीस अंशांच्या कोनात मिनिटाला ५४० फेऱ्यांचा वेग पुढे जाताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे ४६८ पर्यंत उतरतो आणि ६२४ पर्यंत चढतो. हा चढउतार दुसऱ्या टोकाचा जॉइंट पुसून टाकतो. मात्र दोन्ही कोन सारखे हवेत आणि मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच प्रतलात हवेत. ओळीच्या शेवटी वळताना कोन वाढतो, म्हणून तेथे पीटीओ सोडवावा.

तालुक्यातील एका बागेत असाच ट्रॅक्टर पाहण्यात आला. मालकाने बेअरिंग दोनदा बदलले होते. मागेपुढे सरकणाऱ्या चौकोनी शाफ्टला वंगण देण्यासाठी तो सोडवला गेला आणि परत जोडताना पाव फेरा फिरून बसला. चौकोनी शाफ्ट चार प्रकारे बसतो, त्यांपैकी दोन चुकीचे. नव्वद अंशांनी फिरलेले काटे पूर्ववत करताच थरथर थांबली. मालकाने दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवली.

तपासणीत एक धोका मात्र आहे आणि पंचायत सदस्यांनी तो गावात आवर्जून सांगावा. शाफ्टवरील संरक्षक नळी काढून कंप पाहण्याची सवय अनेकांना आहे. ५४० फेरे मिनिटाला म्हणजे नऊ फेरे सेकंदाला. सहा सेंटीमीटर जाडीच्या शाफ्टमध्ये अडकलेले उपरणे वा पदर एका सेकंदात दीड मीटरहून अधिक ओढला जातो. हात मागे घ्यायलाही अवधी उरत नाही. शाफ्ट पाहावयाचा तर इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून पाहावा आणि नळी पुन्हा बसविल्यावरच ट्रॅक्टर सुरू करावा.