म्लादा बोलेस्लाव आणि आपले चाकण

गतवर्षी नववीच्या वर्गात युरोपचा भूगोल शिकवीत असता मी फळ्यावर चेक प्रजासत्ताकाची आकृती काढली आणि प्राग शहराच्या ईशान्येस, सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, खडूने एक ठिपका दिला. "या गावाचे नाव म्लादा बोलेस्लाव," असे मी सांगतो न सांगतो तोच मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला. "सर, माझे वडील चाकणला ज्या कारखान्यात जातात, त्या कंपनीचे मूळ गाव हेच ना?" त्याचे म्हणणे खरे होते. स्कोडा मोटारींचा जन्म याच गावी झाला. चाकण येथील कारखाना २००९ साली फोक्सवॅगन कंपनीने उघडला, आणि २०१९ साली दोन्ही नावे एकत्र होऊन स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया ही एकच कंपनी झाली. तो मुलगा खाली बसला. परंतु क्षणभराने पुन्हा उठला. "तेथे फुटबॉलचा संघ आहे का?" मी म्हटले, "आहे." त्यावर त्याने विचारले, "मग आपला संघ कोणता?"

या दुसऱ्या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते. आमच्या शाळेतील मुले खेळाच्या तासास मँचेस्टर, माद्रिद, बार्सिलोना यांच्या नावांचे सदरे घालून येतात. पिंपरी, चिंचवड वा पुणे हे नाव छातीवर असलेला सदरा मी अलीकडे पाहिलेला नाही. मी एक आठवड्याची मुदत मागून घेतली. त्या आठवड्यात जे वाचावयास मिळाले, ते पालक व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम त्या परगावची हकीकत. म्लादा बोलेस्लाव हे यिझेरा नदीकाठचे जुने गाव असून त्याची वस्ती पन्नास हजारांच्या आतच आहे. आपल्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत सव्वासतरा लाखांच्या वर भरली. म्हणजे तशी चौतीस गावे येथे सहज मावतील. १८९५ साली वात्स्लाव्ह लाउरिन नावाचा एक यंत्रकारागीर व वात्स्लाव्ह क्लेमेंट नावाचा एक पुस्तकविक्रेता यांनी तेथे सायकली दुरुस्त करण्याचे व बनविण्याचे दुकान थाटले. असे सांगतात की, क्लेमेंटने आपल्या नादुरुस्त सायकलीविषयी एका जर्मन कंपनीस आपल्या मातृभाषेत, म्हणजे चेक भाषेत, पत्र लिहिले, तेव्हा 'आम्हांस समजेल अशा भाषेत लिहा' असे उत्तर आले. त्या रागातून हा धंदा निघाला. सायकलीवरून ते मोटारसायकलीकडे व १९०५ साली मोटारीकडे वळले. १९२५ साली त्यांचा कारखाना पिल्झेनच्या स्कोडा कंपनीत सामील झाला.

फुटबॉलचा क्लब १९०२ साली निघाला, तेव्हा त्या गावी मोटार अद्याप तयार व्हावयाची होती. तो क्लब कोणा कारखानदाराने काढला नव्हता. त्याचे पहिले नावच 'विद्यार्थी क्रीडा क्लब' असे होते. हे नाव वर्गात सांगितले, तेव्हा पुढच्या बाकावरील मुलांनी एकमेकांकडे पाहिले. पहिल्या महायुद्धानंतर त्या क्लबाने 'ॲस्टन व्हिला म्लादा बोलेस्लाव' असे चमत्कारिक नाव धारण केले. ॲस्टन व्हिला हा इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथील नामांकित क्लब होय. तो १८७४ साली तेथील एका वेस्लियन चॅपेलच्या तरुण मंडळींनी स्थापिला होता. इंग्रजी खेळाचा असा दरारा त्या काळी मध्य युरोपात होता. पुढे दुसरे महायुद्ध झाले, देशात साम्यवादी राजवट आली, मोटारीचा कारखाना सरकारच्या मालकीचा झाला, आणि इंग्रजी नाव जाऊन क्लबाच्या नावात त्या सरकारी कारखान्याची आद्याक्षरे आली. नंतर स्पार्टाक आले, स्कोडा आले, आणि साम्यवाद गेल्यावर गावाचे साधे नाव परत आले. एवढी नावे बदलली; म्लादा बोलेस्लाव हे शब्द मात्र त्याच्या पाठीवरून कधी पुसले गेले नाहीत.

या क्लबाच्या पराक्रमाचा इतिहास फार लांब नाही, आणि तोच मला विशेष वाटतो. चेक लीगच्या पहिल्या वर्गात तो २००४ साली चढला, म्हणजे स्थापनेनंतर १०२ वर्षांनी! त्यानंतर दोनच हंगामांत, २००५-०६ साली, तो लीगमध्ये दुसरा आला. २००६ च्या सप्टेंबरात यूएफा कप स्पर्धेत त्याची गाठ फ्रान्समधील मार्सेय या बलाढ्य क्लबाशी पडली. मार्सेयने १९९३ साली युरोपचे अजिंक्यपद मिळविलेले होते. पहिला सामना म्लादा बोलेस्लाव ०-१ असा हरला. परतीचा सामना त्याने ४-२ असा जिंकला, आणि दोन्ही सामन्यांची बेरीज ४-३ होऊन मार्सेय बाहेर पडला. पुढील वर्षी इटलीतील पालेर्मो क्लबाची तीच गत पेनल्टीच्या फटक्यांवर झाली. २०११ व २०१६ या साली त्याने चेक चषक जिंकला. देशाचे लीग-अजिंक्यपद त्यास आजवर मिळालेले नाही. त्याच्या मैदानावर पाचेक हजार प्रेक्षक बसतात. स्कोडा कंपनी त्यास पैशाचे पाठबळ देते, हे खरे. पण कंपनीने पाठबळ द्यावे असा क्लब त्या गावी आधीपासून होता, हेही तितकेच खरे.

आता आपल्याकडे वळू.

आपल्या पट्ट्यात कारखाने कमी नाहीत. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली सुरू झाली. मागाहून टेल्को, बजाज व इतर अनेक आल्या. चाकण तर गेल्या पंचवीस वर्षांत बघता बघता मोटारींचे आगर बनले. फुटबॉलसाठी पैसा ओतणारे उद्योगपतीही निघाले. २००७ साली अशोक पिरामल समूहाने पुणे फुटबॉल क्लब स्थापिला. २००९ साली तो दुसऱ्या वर्गातून वर चढून आय-लीगमध्ये आला व पहिल्याच हंगामात, २००९-१० साली, तिसरा आला. २०१२-१३ च्या हंगामात २६ सामन्यांत ५२ गुण मिळवून तो दुसरा राहिला. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स ५५ गुणांनी पहिला आला. एका विजयाचे तीन गुण असतात, हे लक्षात घेतले म्हणजे अंतर किती थोडे होते ते कळेल. २०१४ साली हा क्लब आशियाई एएफसी कप स्पर्धेत हाँगकाँग, सिंगापूर व म्यानमार येथील क्लबांशी खेळला, आणि त्याच वर्षी ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात साळगावकर क्लबाकडून ०-१ असा हरला. सात वर्षांच्या पोराने याहून अधिक काय करावयाचे?

त्याचे सामने बालेवाडीस होत. मुळा नदीच्या एका तीरास आपले वाकड, दुसऱ्या तीरास बालेवाडी. आणि त्याची निवासी अकादमी तर आपल्याच हद्दीत, देहूरोडजवळ मामुर्डी येथे होती. मलप्पुरमहून आलेला आशिक कुरुनियन नावाचा मुलगा या अकादमीत घडला व २०१९ च्या आशियाई चषकात भारताकडून खेळला. या क्लबातील अराता इझुमी याची हकीकत तर एखाद्या कथेसारखी आहे. जपानात जन्मलेल्या, पित्याकडून भारतीय रक्ताच्या या खेळाडूने जपानचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले आणि २०१३ साली पुण्याकडून खेळत असताना त्याने भारताचा सदरा अंगावर चढविला.

२०१५ साली हा क्लब बंद झाला. त्याच वर्षी कल्याणी समूहाचा भारत एफसी अवघ्या एका हंगामानंतर मिटला. डीएसके शिवाजियन्स हा पुण्याचा तिसरा क्लब दोन हंगाम आय-लीग खेळून २०१७ साली नाहीसा झाला. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी, जो २०१७-१८ साली चौथा येऊन उपांत्य फेरीपर्यंत गेला होता, तो २०१९ साली संपला. त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला आणि त्या संघाने २०२१-२२ चे विजेतेपद पटकाविले. पाच वर्षांत चार क्लब! ही केवळ पुण्याचीच कथा नव्हे. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा क्लब २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकलेला होता. तो २०१० साली विसर्जित झाला, आणि त्याच सुमारास महिंद्रांचा मोठा कारखाना चाकणला सुरू झाला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा पंजाबातील जेसीटी हा गिरणीचा क्लबही २०११ साली बंद पडला.

मालकांस दोष देणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. क्लबास पैसा चार वाटांनी येतो: तिकिटे, सामन्यांचे प्रक्षेपण, जाहिरातदार, आणि तयार केलेले खेळाडू दुसऱ्या क्लबास देऊन मिळणारी रक्कम. आपल्याकडे यांपैकी एकही वाट रुंद नव्हती. वर्षानुवर्षे खर्च करून हाती शिल्लक काहीच राहात नसेल, तर कोणताही व्यापारी केव्हा ना केव्हा हात आखडता घेणारच. खरी अडचण दुसरी आहे, आणि ती पालकांनी विशेष ध्यानी घ्यावी. युरोपात लीग ही शिडीसारखी असते. हरणारा संघ एक पायरी खाली येतो, पैसा कमी पडला तर आणखी एक पायरी खाली येतो, आणि तेथे गावच्या मुलांना घेऊन खेळत राहतो. म्लादा बोलेस्लावने आपल्या आयुष्याचा फार मोठा भाग असाच खालच्या पायऱ्यांवर काढला. आपल्याकडे २०१४ साली सुपर लीग निघाली ती शिडीवाचून. तीत प्रवेश जिंकून नव्हे, तर शुल्क भरून मिळे. आय-लीग जिंकून वर चढण्याची सोय पंजाब एफसीच्या रूपाने प्रथम २०२३ साली झाली. ज्या क्लबाखाली पायरी नाही, त्यास पडावयाचे झाल्यास एकदम जमिनीवरच पडावे लागते. आणि तेथे त्यास झेलावयास गावकरी उभे नव्हते, हेही नाकारून चालणार नाही. बालेवाडीच्या त्या प्रशस्त क्रीडागारात मी एकदोन सामने पाहिले आहेत. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच मला अधिक आठवतात. मी स्वतः दोनपेक्षा अधिक वेळा गेलो नाही, हे येथे लिहून टाकणे बरे.

असे गावकरी महाराष्ट्रात कोठे नाहीतच, असे मात्र कोणी समजू नये. कोल्हापुरास पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या तालमींचे व शिवाजी तरुण मंडळाचे फुटबॉल संघ आहेत. ते कोणा कंपनीचे नाहीत, पेठांचे आहेत. जेथे कुस्ती तेथेच फुटबॉल, अशी ती परंपरा. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला, म्हणजे दुकानदार लवकर दार लावतो आणि आजोबा नातवास खांद्यावर घेऊन येतात. त्या संघांना आशियाई स्पर्धा ठाऊक नाही, परदेशी प्रशिक्षक त्यांस परवडत नाही. पण मालक सोडून गेला म्हणून पाटाकडील तालीम बंद पडली, असे वाक्यच कोल्हापुरात कोणास समजणार नाही.

आमच्या चिंचवडास पेठा नाहीत. सोसायट्या आहेत, आणि त्यांत राहणारी बहुतेक कुटुंबे सातारा, सोलापूर, लातूर, बुलढाणा अशा ठिकठिकाणांहून पोटापाण्यासाठी आलेली आहेत. 'आपले गाव' म्हटले की त्यांस अद्याप दुसरेच गाव आठवते. माझेही तसेच आहे. माझे बालपण अहमदनगर जिल्ह्यातील, आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात, तेथील एका खेड्यात गेले. परंतु वर्गात बसलेल्या मुलांचा जन्म येथील आहे. त्यांस दुसरे गाव नाही.

ठरल्याप्रमाणे आठवड्याने मी हे सर्व वर्गात सांगितले. ज्याने प्रश्न विचारला होता, तो काही बोलला नाही. पण शुक्रवारी मधल्या सुटीत त्याने मजपुढे वहीचे एक पान आणून ठेवले. त्यावर चौदा नावे होती, त्यांत तीन नावे आठवीच्या मुलींची, आणि प्रत्येक नावापुढे दरमहा दहा रुपये वर्गणी लिहिलेली. मुख्याध्यापकांनी शनिवारी सकाळी मैदान देण्याचे कबूल केले आहे. दोन चेंडू पालकांनी दिले. त्यांपैकी एक चाकणच्या रात्रपाळीवरून घरी परतणाऱ्या एका वडिलांनी वाटेत विकत घेतला होता. आता अडले आहे ते नावापाशी. काहींस 'पवना' हवे, काहींस 'चिंचवड विद्यार्थी', आणि एका वात्रटाने 'ॲस्टन व्हिला' सुचविले. सगळे त्यास हसले. मग कोणीतरी म्हणाले की, म्लादा बोलेस्लावच्या पोरांनी तेच केले होते, आणि हसणे थांबले. मतदान पुढील शनिवारी आहे.