खाली बघितलं म्हणून कॉपी

घरी बसून, ऑनलाईन किंवा दूरस्थ पद्धतीने पदवी, एम.ए. करणाऱ्या आमच्या जिंतूर तालुक्यातल्या आणि अशाच गावांतल्या मुलींसाठी, सुनांसाठी हे लिहिते आहे. सल्ला पुढे देणारच आहे. पण आधी माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते, कारण आमच्या चारठाणा गावात अर्धीच गोष्ट पोहोचली. ‘तिची कॉपी केस झाली म्हणे’ एवढं सगळ्यांच्या कानावर गेलं. पुढे काय झालं ते विचारायला कोणी आलं नाही.

विद्यापीठ सरकारी, मान्यता असलेलं. त्याचं नाव मी घेणार नाही. परीक्षा घरूनच, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. परभणीचं केंद्र घ्यायचं तर जिंतूरला गाडी बदलायची, लेकरं कोणाकडे ठेवायची, शाळेतून रजा काढायची. म्हणून घरून परीक्षा असलेला अभ्यासक्रम मी बघून, चौकशी करून घेतला होता.

पेपरची रीत त्यांनीच ठरवलेली आणि सूचनापत्रकात छापलेली होती. प्रश्न स्क्रीनवर येणार, उत्तरं ए-फोर कागदावर हाताने लिहायची, वेळ संपली की मोबाईलने फोटो काढून त्याची पीडीएफ पाठवायची. सुरुवातीला ओळखपत्र कॅमेऱ्याला दाखवलं. लॅपटॉप गोल फिरवून चारी भिंती दाखवल्या, टेबलाखालची जागा दाखवली, पलंगावरची उशी उचलून दाखवली. सांगितलं ते सगळं केलं.

पेपर निम्मा झाला आणि लाईट गेली. डीपी जळाला होता. लॅपटॉप बॅटरीवर होता, नेट मोबाईलचं होतं, म्हणून लिहीत राहिले. खोलीला एकच खिडकी, आणि दार नियमाप्रमाणे बंद. अंधारात मी चाचपडत असेन या काळजीने सासूबाईंनी दार लोटलं आणि ‘बॅटरी देऊ का गं?’ म्हणून विचारलं. मी नुसती मान हलवून नको म्हटलं. बोललं तर आवाज टिपला जातो, हे मला ठाऊक होतं. त्या लगेच परत फिरल्या. पेपर संपला, वेळेत पाठवला, पोच आली. पेपर चांगला गेला होता.

निकालात बाकी सगळ्या विषयांचे गुण आले आणि या एका विषयापुढे ‘राखीव’. काही दिवसांनी ईमेलवर कारणे दाखवा नोटीस. परीक्षेतील गैरमार्ग, असा विषय. खाली तीन कारणं दिलेली. एक, काही काळ चेहरा ओळखता आला नाही. दोन, खोलीत दुसरी व्यक्ती दिसली. तीन, परीक्षार्थीची नजर वारंवार व दीर्घकाळ खाली होती.

पहिली दोन कारणं वाचून धक्का बसला, पण ती कुठून आली ते समजत होतं. अंधार झाला होता, सासूबाई आल्या होत्या. तिसऱ्या कारणावर मी थांबले. नजर खाली होती. मग कुठे असायला हवी होती? उत्तर कागदावर लिहायचं, कागद टेबलावर, टेबल खाली. तीन तास वर बघून कोण लिहितं? लेकरं झोपली होती. मी ती ओळ परत परत वाचली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते रेकॉर्डिंग एकाही माणसाने बघितलेलं नाही. बघितलं असतं तर माझ्या हातातलं पेन दिसलं असतं, पानं उलटताना दिसली असती. सॉफ्टवेअरने लाल खूण केली, कोणीतरी त्या खुणांची यादी उचलून नोटिशीत चिकटवली आणि सही करून पाठवून दिली. स्क्रीनवर टिचक्या मारायच्या परीक्षेसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर हाताने लिहायच्या परीक्षेला लावलं होतं. ती चूक ज्यांनी केली ते खुलासा मला मागत होते. त्या रात्री मी रडले नाही. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षा विभागाला फोन लावला. पलीकडचे गृहस्थ गोड बोलत होते. ‘मॅडम, इतकं मनावर घेऊ नका. साधा माफीनामा लिहून द्या, पुन्हा असं करणार नाही म्हणा, साहेब मिटवून टाकतील. सगळे तेच करतात.’ कशाची माफी, असं विचारलं तर म्हणाले, ‘फॉर्मॅट पाठवतो, त्यात लिहिलेलं आहे.’ फॉर्मॅट आला. त्यात ‘माझ्याकडून गैरप्रकार झाला’ असं वाक्य आधीच छापलेलं होतं, खाली फक्त नाव आणि सही करायची. घरातलेसुद्धा म्हणाले, देऊन टाक, एवढ्यासाठी वर्ष कशाला घालवतेस. मी दिला नाही. मी शाळेत शिकवते. न केलेल्या कॉपीची कबुली सही करून दिली असती तर उद्या वर्गात कोणाला काय सांगणार होते?

मग सुनावणी झाली, तीही ऑनलाईन. समोर तिघे जण. त्यातल्या एकांचा कॅमेरा शेवटपर्यंत बंद. दुसऱ्यांनी आधी विचारलं, ‘चारठाणा म्हणजे नेमकं कुठे?’ जिंतूर-जालना रस्त्यावर, सांगितलं. आमच्या गावातली जुनी दगडी मंदिरं आणि बारव बघायला अभ्यासक लांबून येतात, तेही सांगायचं जिभेवर आलं होतं. पुढचा प्रश्न आला, ‘तिकडे लाईटचा प्रॉब्लेम असतो तर ऑनलाईन परीक्षेला बसता कशाला?’ प्रवेशाची फी घेताना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मी म्हटलं, सर, खाली उत्तरपत्रिका होती. तुमच्याकडे तिची पीडीएफ आहे, माझ्याच अक्षरातली. रेकॉर्डिंग लावा, आपण सगळे मिळून बघू. ते म्हणाले, ‘सिस्टीमने दाखवलंय ना, मशीनला काय तुमच्याशी वैर आहे?’ मी म्हटलं, मग माझी तोंडी घ्या. त्याच पेपरमधला कोणताही प्रश्न आत्ता विचारा. पुस्तक घरात नाही, दार उघडं आहे, सासूबाई शेतात गेल्यात. तिसऱ्या सदस्य मॅडम होत्या, त्यांनी मान वर केली. वाटलं, विचारतील. पण अध्यक्ष म्हणाले, तशी तरतूद नाही. चार प्रश्न विचारले असते तर तिथल्या तिथे सगळं स्पष्ट झालं असतं. विद्यार्थ्याला विषय येतो का हे तपासण्यासाठीच परीक्षा असते, आणि तेच तपासायला ते तयार नव्हते.

शेवटी निकाल लागला, पण बऱ्याच काळाने. मधल्या काळात एका भरतीचा अर्ज गुणपत्रिका नाही म्हणून हुकला. आदेशात एक ओळ होती, की परीक्षार्थीला संशयाचा फायदा देण्यात येत आहे. मी फायदा मागितलाच नव्हता. रेकॉर्डिंग बघा, एवढंच मागितलं होतं.

आता सल्ला.

लाईट गेली, नेट गेलं, कोणी खोलीत आलं, तर त्याच मिनिटाला हेल्पलाईनच्या चॅटमध्ये लिहा. चॅट नसेल तर पेपर संपल्या संपल्या ईमेल करा: अमुक वाजता लाईट गेली, अमुक वाजता घरातली व्यक्ती आली आणि गेली. फोनवर सांगितलेलं कोणाला आठवत नाही. मी त्याच संध्याकाळी ईमेल केला होता आणि पुढे तोच माझ्या कामी आला. दुसरं, गावातल्या वीज कार्यालयात जाऊन पुरवठा कधी बंद झाला आणि कधी सुरू झाला ते लेखी मागा. सबस्टेशनच्या वहीत नोंद असते. आमच्या लाईनमनदादांनी साहेबांकडून ते पत्र मिळवून दिलं. त्यांचे उपकार विसरणार नाही.

सूचनापत्रक डाऊनलोड करून ठेवा. परीक्षेनंतर ते साइटवरून जातं. हाताने लिहायचं आहे की टाईप करायचं, पाणी पिता येतं का, नेट तुटलं तर पुन्हा लॉगिन किती वेळात, हे त्यात असतं. माझं सगळं भांडण त्यातल्या एका वाक्यावर उभं राहिलं. हाताने लिहिलेले मूळ कागद निकाल हातात येईपर्यंत टाकू नका.

माफीनाम्यावर सही करू नका. कोणीही कितीही गोड बोललं तरी करू नका. तुम्ही काही केलं नसेल तर खुलासा द्या. मुद्देसूद, एका पानात, सोबत पुरावे. आणि त्यातच लिहा की संबंधित रेकॉर्डिंग आणि त्यातल्या आक्षेपार्ह वेळा दाखवाव्यात. ज्या पुराव्यावर आरोप आहे तो आरोप असलेल्या माणसाला दाखवणं हा नैसर्गिक न्यायाचा साधा भाग आहे.

सरकारी विद्यापीठ असेल तर माहिती अधिकार वापरा. अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये निकाल दिला की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ती पाहण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे. पण जपून ठेवायची मुदत संपली की तो हक्क उपयोगाचा राहत नाही, म्हणून उशीर नको. मी उत्तरपत्रिकेबरोबर रेकॉर्डिंगही मागितलं. अर्ज गेल्यावर कार्यालयाचा आवाज बदलला, हे मी स्वतः ऐकलं आहे.

यूजीसीच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिने कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालांकडे दाद मागता येते. ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही. नोटिशीत तर नव्हतीच.

अंतर्गत गुणांकडे दुर्लक्ष करू नका. ऑनलाईन आणि दूरस्थ अभ्यासक्रमांच्या २०२० च्या नियमावलीत अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्राच्या शेवटच्या परीक्षेला किमान ७० टक्के वजन आहे. इग्नूच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत ३०-७० अशी विभागणी असते. स्वाध्याय केंद्रावर दिला की शिक्क्याची पोच घ्या, झेरॉक्स ठेवा. माझ्या एका मैत्रिणीचे सगळे स्वाध्याय केंद्रावरून गहाळ झाले आणि निकालात गैरहजर लागलं. पोच होती म्हणून वाचली.

प्रवेशाआधी मान्यता यूजीसीच्या साइटवर बघा. परीक्षा केंद्रावर आहे की घरून, हे लेखी विचारा. जमत असेल तर केंद्रच घ्या, दिवस मोडला तरी चालेल. आणि अभ्यास वेळेवर करा, आदल्या रात्री झोप घ्या, हे सगळेच सांगतात, मीही सांगते.

हा त्रास चारठाण्यापुरता नाही. ॲम्स्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातल्या रॉबिन पोकोर्नी या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीचा चेहरा परीक्षेच्या सॉफ्टवेअरला ओळखू येईना, म्हणून तिला तोंडावर उजेड मारून बसावं लागलं. २०२२ मध्ये तिने मानवाधिकार संस्थेकडे तक्रार केली. अंतिम निर्णयात भेदभाव सिद्ध झाला नाही, पण विद्यापीठाने तिची तक्रार अधिक काळजीने हाताळायला हवी होती, असं संस्थेने म्हटलं. अमेरिकेत ओहायोतल्या क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठात परीक्षेआधी खोली कॅमेऱ्यात फिरवून दाखवायला लावणं हे घटनेविरुद्ध आहे, असा निकाल ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने दिला. मी तर उशीसुद्धा उचलून दाखवली होती.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण संस्थेच्या ऑनलाईन परीक्षेत मुलांना लॉगिन होईना, तेव्हा सायबर हल्ला झाल्याचं सांगून पेपर पुढे ढकलले. बरोबरच केलं. यंत्रणा बंद पडली तर मुलांना दुसरी तारीख मिळते. मग खेड्यातल्या एकटीच्या घरात लाईट गेली तर तिला नोटीस का मिळावी?

परीक्षा घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. सॉफ्टवेअरने खूण केली की आधी एका शिक्षकाने ते रेकॉर्डिंग बघावं आणि बघितल्याची सही करावी. संशय उरलाच तर दहा मिनिटांची तोंडी घ्यावी. नोटीस त्यानंतर काढावी.

माझ्या गुणपत्रिकेवर त्या पेपरचे गुण आता आहेत. गैरमार्गाचा आरोप मागे घेतल्याचं पत्र मी दोनदा मागितलं, ते अजून आलेलं नाही.