कचारगडच्या यात्रेत दुकान लावताय? हिशोबाचा एक तास असा वाचवा

माघ पौर्णिमेला कचारगडला गेलेल्यांना तिथली गर्दी सांगायला नको. गुहेतल्या दर्शनासाठी महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड बांधव येतात. दरेकसा स्टेशनवर उतरून माणसं धनेगावकडे चालत असतात आणि वाटेवर चहा-नाश्ता, पूजेचं साहित्य, पिवळे दुपट्टे, पुस्तकं अशी दुकानं लागतात. यात्रेचे दिवस मोजकेच, म्हणून धंदाही तेवढ्यातच करायचा. दिवसभर विकायचं आणि रात्री थकून लॅपटॉपवर हिशोब मांडायचा. चुका तिथेच होतात.

समजा, यात्रेत तुमच्या ६०० नोंदी झाल्या. प्रत्येक नोंदीला तारीख टाइप करायला ५ सेकंद धरा. ३००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटं नुसत्या तारखेला! एक्सेलमध्ये कंट्रोल दाबून सेमीकोलन दाबा, आजची तारीख येते. वेळ हवी असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि सेमीकोलन. इथे 'टुडे'चा फॉर्म्युला वापरू नका हं. तो रोज बदलतो. उद्या फाइल उघडली की कालची विक्रीसुद्धा आजची दिसेल.

मालाचं नाव दरवेळी टाइप करू नका. कधी 'दुपट्टा', कधी 'दुपटा' लिहिलं जातं आणि एक्सेलला ते दोन वेगळे माल वाटतात. मग मालवार बेरीज चुकते, शिल्लक जुळत नाही आणि आपण उगाच दुकानातल्या पोराकडे संशयाने बघतो. त्यापेक्षा रकान्यात शेवटच्या नोंदीखालच्या कोऱ्या चौकटीत या आणि ऑल्ट धरून खालचा बाण दाबा. आधी लिहिलेल्या नावांची यादी उघडते, त्यातून निवडा. वरचंच नाव पुन्हा हवं असेल तर कंट्रोल डी. बेरजेला ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह.

आता टेम्पोभाडं. गोंदियाहून माल आणला, नगामागे भाडं ३ रुपये पडलं. ते ३ एकाच चौकटीत लिहा, समजा जी१ मध्ये. फॉर्म्युल्यात जी१ लिहून लगेच एफ४ दाबा, डॉलरच्या खुणा लागतील. आता फॉर्म्युला खाली ओढला तरी जी१ जागचं हलत नाही. भाडं वाढलं तर एकच आकडा बदलायचा. (काही लॅपटॉपवर एफएन धरून एफ४ दाबावं लागतं. व्हिडिओखाली सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो!) कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा, अंकही इंग्रजीतच टाका, नाहीतर बेरजेत घोळ होऊ शकतो.

आता उधारी. इथे जरा थांबून वाचा, कारण इथे मी स्वतः मार खाल्लाय. एकदा उधारीची यादी केली होती. नावं एका बाजूला, मग दिसायला छान म्हणून एक रकाना कोरा सोडला आणि त्यापुढे रकमा. सगळ्यात मोठी बाकी वर यावी म्हणून रकमेवर सॉर्ट मारला. रकमा हलल्या, नावं जागेवरच राहिली. कोरा रकाना आला की एक्सेलला पलीकडचा भाग वेगळा वाटतो, तो इशाराही देत नाही. मी फाइल सेव्ह करून बंद केली. दुसऱ्या दिवशी ज्याने पैसे कधीच चुकते केले होते त्यालाच फोन लावला. तो माणूस पुन्हा दुकानात आला नाही.

तेव्हापासून माझ्या यादीत मध्ये कोरा रकाना नसतो. पूर्ण यादीवर कंट्रोल टी दाबून आधी टेबल करतो. टेबलमध्ये सॉर्ट केलं की पूर्ण ओळ एकत्र हलते, नाव आणि रक्कम सुटत नाहीत. गडबड झालीच तर कंट्रोल झेड, पण फाइल बंद करण्याआधी. एकदा बंद केली की तो मार्ग संपला, म्हणून सॉर्टच्या आधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवतो. त्यासाठी एफ१२.

यात्रेला निघण्याआधी घरी १० खोट्या नोंदी टाकून हे सगळं एकदा करून बघा. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि एक कागदी वही सोबत असू द्या.